वाटपाला रांग, शिबिराला सहा जणी

पत्र थोडक्यात असं आहे:

बीड जिल्ह्यातलं, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातलं गाव. निम्मी घरं दसऱ्यानंतर ऊसतोडीला जातात. पत्र लिहिणारा तरुण २९ वर्षांचा, पदवीधर. घरची चार एकर कोरडवाहू जमीन सांभाळून तो मित्रांसोबत मंडळ चालवतो. गेल्या तीन वर्षांत मंडळानं आरोग्य तपासणी शिबिर, शेतकरी मेळावा, पोलीस भरती मार्गदर्शन, ब्लँकेट वाटप असं बरंच काही केलं. वाटपाला पारापर्यंत रांग लागली. मागच्या डिसेंबरात भरवलेल्या पंधरा दिवसांच्या शिवणकाम वर्गाला मात्र तीस नावं आली, पहिल्या दिवशी अठरा जणी बसल्या आणि शेवटी सहा उरल्या. देणगीत मिळालेली चार मशीन समाजमंदिरात कुलपात आहेत. एका चुलतीनं तर तोंडावरच विचारलं, "तुझ्या शिबिरानं माझं पोट भरणारंय का रं?" वडील म्हणतात, हे धंदे सोड आणि चाकणला मावसभाऊ नोकरी लावून देतोय तिकडे जा. तालुक्यातले एक पुढारी पुढच्या वर्षीचा सगळा खर्च उचलायला तयार आहेत. अट एवढीच, बॅनरवर त्यांचा फोटो आणि मंचावर त्यांची खुर्ची मधोमध. "आमच्या लोकांना फुकटची सवय लागली आहे. आता प्रशिक्षणाला येणाऱ्या प्रत्येकीला साडी द्यायची, पुढाऱ्याचे पैसे घ्यायचे, की सगळं बंद करून चाकण गाठायचं?" असा त्याचा प्रश्न आहे. मला अरे-तुरे करा, असंही त्यानं लिहिलं आहे.

उत्तर:

तुझ्या पत्रात एक शब्द तू ओझरता लिहून गेलास आणि मी तिथंच अडकले. डिसेंबर.

डिसेंबरात तुमच्या गावातली निम्मी घरं कुठं असतात हे तूच पत्राच्या सुरुवातीला लिहिलं आहेस. ज्या बाईला शिवणकामाची सगळ्यात जास्त गरज आहे, कोयत्यापासून सुटायचा काहीतरी मार्ग जिला खरंच हवा आहे, ती तेव्हा सांगली-कोल्हापूरकडे नाहीतर कर्नाटकात, पहाटेच्या थंडीत मोळ्या बांधत होती. तिचं नाव तुझ्या तीस जणींत असणं शक्यच नव्हतं. मागं राहिल्या त्यांच्यासाठी डिसेंबर म्हणजे कापसाची वेचणी. वेचणीची मजुरी किलोवर मिळते, म्हणजे दुपारी अकरा ते चार तुझ्या वर्गात बसली की तेवढे पैसे गेले. आणि घरात फडावर, म्हणजे ऊसतोडीला, गेलेल्या दीराची नाहीतर लेकीची मुलंही तिच्याच गळ्यात. असं असताना पहिल्या दिवशी अठरा जणी आल्या. खरं सांगू? मला हा आकडा थोर वाटतो. तुला त्यात अपयश दिसलं, कारण तू मंडळाच्या वहीतली तीस नावं धरून बसलास.

'फुकटची सवय' हे दुसरं. हे वाक्य सरकारी कार्यालयात, सामाजिक संस्थांत, लग्नाच्या पंगतीत, सगळीकडे ऐकू येतं आणि ते म्हणणारा माणूस बहुतेक वेळा ज्याचा महिन्याचा पगार ठरलेला असतो असा असतो. तू तसा नाहीस, म्हणून तुझ्याकडून ते ऐकून जरा वाईट वाटलं. ब्लँकेटला अर्धा तास रांगेत उभं राहायचं आणि हातात वस्तू येते. वर्गाला पंधरा दिवसांची मजुरी सोडायची आणि शेवटी हातात येतं एक प्रमाणपत्र. तुझ्या चुलतीनं जो प्रश्न विचारला तो उर्मट नव्हता, तो हिशेबाचा होता. पोट भरणारंय का? गावात ब्लाऊज शिवणाऱ्या आधीच दोघी-तिघी असतील. अठरा जणी शिकल्यावर कापड कुठून येणार, गिऱ्हाईक कोण, शिवून झाल्यावर पैसे कोण देणार, हे तुमच्यापैकी कुणी त्यांच्याशी बोललं होतं का? पत्रात तरी तसं काही नाही. बारा जणी का गळाल्या हेही नाही. आधी त्या बारा जणींच्या घरी जाऊन ये. कारण विचारायला जाऊ नकोस, नुसता चहाला जा. कारण आपोआप कळेल.

बिनवाटपाची माणसं येतच नाहीत, असं म्हणशील तर तुमच्याच जिल्ह्यातली गोष्ट घे. २०१६ साली पाणी फाउंडेशनची पहिली पाण्याची स्पर्धा तीन तालुक्यांत झाली, त्यात अंबाजोगाई एक होता. भर उन्हाळ्यात, पंचेचाळीस दिवस, लोकांनी कुदळ-फावडं घेऊन चर खणले, बांध घातले. साडी नाही, ब्लँकेट नाही. हे कशामुळं झालं याची कारणं बरीच आहेत, टीव्हीवरचं वलयही त्यात आलं, ते नाकारायचं कारण नाही. पण दोन गोष्टी तुझ्या कामाच्या आहेत. एक, काम उन्हाळ्यात झालं. फडावरची माणसं परत आलेली, रानं मोकळी. दुसरी, गावातलीच काही माणसं आधी दुसऱ्या गावात राहून शिकून आली होती. पाहुण्यांनी येऊन सांगितलं नाही, शेजारच्या बापूनं आणि वरच्या आळीच्या ताईनं सांगितलं.

तिसरी गोष्ट तुला मी सांगायला हवी असं नाही, ती दरवर्षी तुझ्या डोळ्यांसमोर होते. तुमच्या गावात हरिनाम सप्ताह होत असणार. सात दिवस पहाटेच्या काकड्यापासून रात्रीच्या कीर्तनापर्यंत माणसं येतात आणि कुणी म्हणत नाही की लोकांना सवय नाही. याचं कारण नुसती भक्ती नाही. सप्ताहात प्रत्येक घराला काहीतरी नेमून दिलेलं असतं. आजची पंगत याची, उद्याची त्याची, पहाऱ्याला हे, पाणी भरायला ते, वर्गणी घराप्रमाणे, आणि हिशेब शेवटी सगळ्यांसमोर वाचून दाखवायचा. एखाद्याच्या घरचं पीठ कमी पडलं तर त्याची नाचक्की होते, म्हणजेच तो सप्ताह त्याचाही असतो. तुमच्या मेळाव्यात गावाला काय नेमून दिलं होतं? खुर्चीवर बसणं आणि टाळ्या. मग माणसं जेवणाची वाट बघणारच, दुसरं करण्यासारखं तिथं त्यांच्यासाठी काही नव्हतं.

तुझ्या मंडळाचा सगळा घोळ मला इथं दिसतो. तुम्ही गावासाठी करता, आणि गाव बघत बसतं.

जामखेड तुम्हाला लांब नाही. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे १९७० साली तिथं आले. आले होते आरोग्याचं काम करायला, पण दुष्काळाचे दिवस होते आणि लोकांना दवाखान्याच्या आधी पाणी आणि अन्न हवं होतं. तेव्हा कामही तिथूनच सुरू झालं. पुढे गावोगावच्या बायका, त्यांतल्या कितीतरी निरक्षर, आरोग्यसेविका झाल्या. त्यांचं शिक्षण एका शिबिरात उरकलं नाही. त्या आठवड्याच्या आठवड्याला येत राहिल्या, शिकलेलं गावात करून बघत राहिल्या, अडलं की पुन्हा विचारत राहिल्या. हे काम जगभर नावाजलं गेलं, पण त्यातली तुझ्या उपयोगाची युक्ती साधीच आहे. आधी लोक काय म्हणतात ते ऐकायचं, आणि शिकवणं थोडं-थोडं, पण थांबवायचं नाही.

तर आता तुझ्या गावाचं वर्ष समोर मांड. इंग्रजी महिन्यांचं कॅलेंडर राहू दे, कामाचं वर्ष मांड. पेरणी, खुरपणी, सोयाबीन काढणी, दसरा, टोळ्या निघण्याचे दिवस, वेचणी, मग फाल्गुन-चैत्रात माणसं परतण्याचे दिवस. प्रत्येक टप्प्याला गावात कोण असतं आणि कोण नसतं ते लिही. कुठला कार्यक्रम कधी घ्यायचा याचं निम्मं उत्तर त्या कागदावर मिळेल.

दसऱ्याआधीचे पंधरा-वीस दिवस मला सगळ्यात मोलाचे वाटतात, आणि तेव्हा कुणीच काही करत नाही. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन माणसं निघायच्या तयारीत असतात. त्या दिवसांत भाषण नको, फक्त कागद करून द्या. रेशनकार्डाची ई-केवायसी, म्हणजे आधारशी पडताळणी, झाली आहे का बघा. ती झाली असेल तर फडाजवळच्या दुकानातही अंगठा लावून धान्य उचलता येतं, आणि हे कितीतरी टोळ्यांना माहीत नसतं. ऊसतोड कामगार म्हणून ग्रामपंचायतीकडे नोंद आणि ओळखपत्र आहे का, ते विचारा. मुलांचं सगळ्यात महत्त्वाचं. आजी-आजोबांकडे राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची सोय असते, पण शाळेनं प्रस्ताव वेळेत पाठवायला हवा आणि त्यासाठी कोण जाणार, कोण राहणार ही यादी लागते. ती यादी मुख्याध्यापकांना तुमच्या मंडळानं करून द्यावी. जी मुलं आई-बापासोबत जाणारच आहेत त्यांना शाळेतून शिक्षण हमी कार्ड घेऊन द्या, म्हणजे तिकडच्या शाळेत बसवताना अडणार नाही. चार पोरं, दोन मोबाईल, एक वही, बस. मांडव लागत नाही, माईक लागत नाही, नारळ फोडावा लागत नाही.

माणसं गेल्यावर गावात उरतात म्हातारी-कोतारी. हिवाळ्यात त्यांचं काम काढा. संजय गांधी निराधार आणि श्रावणबाळ या योजनांचे अर्ज, दरवर्षीचा हयातीचा दाखला, बँक खात्याला आधार जोडणं, अपंगत्वाचं ओळखपत्र. निराधार योजनेला कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न २१ हजारांच्या आत असल्याचा दाखला लागतो. आजच्या काळात एवढ्यात कोण जगतं हा प्रश्न तुला पडेल, मलाही पडतो, पण अट आहे ती आहे. या एका दाखल्यासाठी म्हाताऱ्या बायका तालुक्याला खेपा घालतात आणि मध्ये कुणीतरी 'करून देतो' म्हणून पैसे काढतो. राज्यात २०१५ पासून लोकसेवा हक्काचा कायदा आहे. त्यात अधिसूचित दाखल्यांना मुदत ठरलेली आहे, अर्जाची पोच मिळायलाच हवी, मुदतीत काम झालं नाही किंवा अर्ज फेटाळला तर अपील करता येतं. सेवा केंद्रावर दराचा फलक लावलेला असतो, त्याचा फोटो काढून समाजमंदिराच्या भिंतीवर चिकटवा. हे काम एकदाच मोठं करू नका. आठवडी बाजाराचा दिवस धरा, दर आठवड्याला त्याच जागी, त्याच वेळी दोघं जण बसा. पहिल्या बाजाराला कुणी येणार नाही, दुसऱ्याला एखादी आजी येईल, आणि तिचे पैसे खात्यात पडले की पुढच्या बाजाराला तिची सगळी आळी येईल. गावात बातमी अशीच फिरते. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या रंगीत पत्रिकेनं फिरत नाही.

शिवणकामाकडे परत येते. चार मशीन कुलपात का आहेत? चोरीला जातील म्हणून, हो ना? कुणाकडे किल्ली आहे? बहुतेक तुझ्याकडे किंवा अध्यक्षांकडे. त्या सहा जणी टिकल्या, त्यांच्या ताब्यात किल्ली आणि मशीन दोन्ही द्या, लिहून द्या. मग त्यांच्यासोबत बसून काम कुठून येईल ते शोधा. शाळेच्या गणवेशाचं बघा, शाळा व्यवस्थापन समितीत पालकच असतात, त्यांच्याशी बोला. बाजारच्या कापडाच्या दुकानदाराला फॉल-पिकोचं काम बाहेर देतो का विचारा. गोधड्या, पिशव्या, सप्ताहाच्या पताका, बैलांच्या झुली, जे खपेल ते. सहा जणींना महिन्याला थोडे जरी पैसे दिसले तर पुढच्या वर्गाला साडी वाटावी लागणार नाही. आणि तो वर्ग मे महिन्यात घ्या, भर दुपारी, जेव्हा उन्हामुळं रानात कुणी नसतं. वेळ बायकांनाच ठरवू द्या. शिकवायला बाहेरचा मास्तर आणण्याआधी या सहांपैकी कुणाला जमतंय का बघा.

ज्यांना धंदा म्हणूनच शिकायचं आहे अशा पोरा-पोरींना जिल्ह्याच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत पाठव. बँका चालवतात त्या, लोक त्यांना 'आरसेटी' म्हणतात. प्रशिक्षण फुकट, राहणं-जेवणं तिथंच, आणि नंतर दोन वर्षं पाठपुरावा व कर्जासाठी मदत हा त्या योजनेचाच भाग आहे. लहान मुलांच्या आयांना निवासी प्रशिक्षण जड जातं हे खरं. पण मोबाईल दुरुस्ती, शेळीपालन, वायरिंग असल्या गोष्टी मंडळानं गावात स्वतः भरवत बसण्यापेक्षा तिथं पाच जण पाठवलेले बरे. बचत गट असतीलच, उमेद या सरकारी अभियानाच्या सीआरपी ताई, म्हणजे गटांना मदत करणाऱ्या कार्यकर्त्या, गावात येत असतील. त्यांना विचारल्याशिवाय बायकांसाठी कुठलाच कार्यक्रम ठरवू नकोस. तुमच्या मंडळात एकही बाई नाही, हे पत्रात लिहिलेलं नसलं तरी मी पैज लावायला तयार आहे.

आरोग्य शिबिराबद्दल जरा कडक बोलते. रक्तदाब तपासला, साखर तपासली, चिठ्ठी दिली, फोटो काढला. पुढं? ज्याची साखर जास्त निघाली त्याचं महिन्याभरानं काय झालं हे मंडळाला माहीत आहे का? रक्तदाब आणि साखरेच्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत मिळतात, तिशीच्या पुढच्या माणसांच्या तपासणीची नोंद आशाताईंकडे असते. तेव्हा शिबिर भरवायचंच असेल तर उपकेंद्राला जोडून भरवा, आणि सापडलेल्या रुग्णांची यादी आशाताई व मंडळातला एक जण यांनी मिळून सहा महिने धरून ठेवा. डोळ्यांच्या शिबिरात किती जण तपासले याला अर्थ नाही, किती मोतीबिंदूंची शस्त्रक्रिया होऊन माणसं घरी आली ते मोजा.

आणि बायकांचं आरोग्य मारुतीच्या सभामंडपात, लाऊडस्पीकर चालू असताना तपासता येत नाही. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची गर्भाशयं किती सर्रास काढली गेली, हा विषय २०१९ मध्ये थेट विधिमंडळात गाजला, चौकशी समिती नेमावी लागली. फडावर खाडा झाला तर दंड, पाळीच्या दिवसांत पाणी नाही, आडोसा नाही, आणि अंगावरून जातंय म्हणून डॉक्टरकडे गेलं की थेट शस्त्रक्रियेचा सल्ला. तुमच्या गावात अशा बायका नसतील असं मला वाटत नाही. त्यांना हवी आहे एक बाई डॉक्टर, एक बंद दार, आणि 'कापायच्या आधी दुसरीकडे विचारा' असं सांगणारं कुणीतरी. एवढं केलंत तर वर्षात दुसरं शिबिर नाही घेतलं तरी चालेल.

सभामंडपावरून आठवलं. जागेचं काय? देवळात शिबिर ठेवलं की गावातली सगळी वस्ती येते का? तांड्यावरची, गावकुसाबाहेरच्या वस्तीतली किती माणसं आली होती? समाजमंदिरात ठेवलं की दुसऱ्या बाजूचे लोक येत नाहीत, हेही मला ठाऊक आहे. यावर भाषण करण्यात अर्थ नाही. शाळेचा व्हरांडा वापरा, नाहीतर आळीपाळीनं जागा बदला, आणि कुठल्या जागी कोण आलं ते मुकाट्यानं बघा.

शेतकरी मेळावा बंद केलास तरी कुणी रडणार नाही. एका मांडवात पाचशे शेतकऱ्यांना बोंडअळीवर तासभर ऐकवून कुणाच्या रानातली अळी मेलेली नाही. त्यापेक्षा शेतीशाळा मागा. ही पद्धत १९८९ मध्ये इंडोनेशियात भातावरच्या तुडतुड्यांच्या निमित्तानं सुरू झाली आणि आपल्याकडे कृषी विभाग व 'आत्मा' ही शेती तंत्रज्ञानाची सरकारी यंत्रणा यांच्यामार्फत चालते. पंचवीस-तीस शेतकरी, एक रान, आणि हंगामभर ठरावीक दिवसांनी त्याच रानात जमायचं. पान उलटून किडी मोजायच्या, मित्रकिडी ओळखायच्या, फवारायचं की नाही ते सगळ्यांनी मिळून ठरवायचं. तिथं जेवण नसतं तरी माणसं टिकतात, कारण पुढच्या खेपेला काय दिसतं याची उत्सुकता असते. तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे गटानं लेखी मागणी करा. बायकांची वेगळी शेतीशाळाही घेता येते, खुरपायला-वेचायला त्याच असतात, कीड आधी त्यांनाच दिसते.

पैशाचं. आधी ग्रामपंचायतीत बघ. स्वतःच्या उत्पन्नातला दहा टक्के वाटा महिला व बालकल्याणावर आणि पाच टक्के दिव्यांगांवर खर्च करायचा असतो. तो गेल्या वर्षी कशावर झाला, विचारलंस का कधी? बऱ्याच गावांत त्याचं उत्तर ऐकण्यासारखं असतं. कायद्यानं वर्षाला किमान चार ग्रामसभा होतात आणि नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची असते. ती कागदावर उरकू न देता खरोखर भरवली आणि कुठलं प्रशिक्षण हवं हे बायकांनी तिथं ठरवलं, तर खर्चाचा ठरावही होईल आणि 'मंडळाचा कार्यक्रम' हा शिक्काही जाईल. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाच्या लोकांनी यातही एक शहाणपण केलं होतं. समजून घेण्यासाठी अभ्यासगट वेगळा आणि निर्णयासाठी ग्रामसभा वेगळी. अभ्यासगटात कुणी कुणाला हरवायला बसत नाही, त्यामुळं प्रश्न विचारायची लाज वाटत नाही. तुमची भरतीची पोरं संध्याकाळी पारावर बसतातच, त्यांना एक-एक योजना, एक-एक शासन निर्णय वाटून द्या आणि वाचून सांगायला लावा. परीक्षेलाही उपयोग होईल.

साडी देऊ नकोस. पण बुडणाऱ्या मजुरीचा विचार कर. वर्गाच्या वेळात मुलं सांभाळायला गावातल्याच एखाद्या मुलीला पैसे दे, चहा-नाश्ता दे, तालुक्याला जायचं असेल तर गाडीभाडं दे. हे आमिष नव्हे, येणाऱ्या बाईची अडचण दूर करणं आहे. ब्लँकेटही द्यायचंच असेल तर ज्यांना लागतं अशी पंधरा-वीस घरं ठरवून संध्याकाळी घरी नेऊन दे. फोटो न काढता.

आता चाकण. तू एकोणतीसचा आहेस, चार एकर कोरडवाहूवर घर चालत नाही, वडील काळजीनं बोलतात. (लग्नाचं तू लिहिलं नाहीस, मीही विचारत नाही.) नोकरी हवी असेल तर जा आणि त्यात गावाला दगा दिला असं वाटून घेऊ नकोस. पण लोक किंमत करत नाहीत म्हणून जात असशील तर थांब, कारण तो राग चाकणलाही सोबत येईल. निर्णय पैशावर, घरावर आणि तुला तिथलं काम आवडेल का यावर घे. मंडळाचं म्हणशील तर तू गेल्यावर ते पडणार असेल, तर ते आत्ताही फारसं उभं नाही. बाजारच्या दिवशी बसणारी दोन पोरं आणि शिवणाऱ्या सहा जणी तयार झाल्या, तर तू चाकणहून मोबाईलवर त्यांचे अर्ज भरून दिलेस तरी गाडा चालतो.

राहिले पुढारी. त्यांचा फोटो लागला तर तुझी नीतिमत्ता बुडेल वगैरे मी म्हणणार नाही. तोटा वेगळाच आहे. गावात त्यांच्या विरोधातला गट आहे, नक्की आहे. ज्या दिवशी त्यांचा फोटो बॅनरवर चढेल त्या दिवशी त्या गटाच्या घरच्या बायका शिवणकामाला यायच्या बंद होतील, आजारी म्हातारा तपासणीला येणार नाही, आणि पुढच्या निवडणुकीत तुमचं मंडळ प्रचाराला धरलं जाईल. एका वर्षाच्या खर्चापोटी निम्मं गाव गमावशील.

पण तोंडावर नाही म्हणू नकोस, तालुक्यात राहायचं आहे. त्यांना भेटायला एकटा जाऊ नकोस, दोघं-तिघं जा. म्हण, "साहेब, मंडळानं ठरवलंय, बॅनरवर कुणाचाच फोटो नाही, अध्यक्षाचाही नाही. मदत देईल त्याचं नाव आणि रक्कम फळ्यावर लिहितो, सगळ्यांचं एकाच मापात. पैसे राहू द्या, आमचं एक काम करा. दसऱ्याच्या आधी एक दिवस तहसीलचे आणि पुरवठा विभागाचे लोक आमच्या गावात बसतील असं बघा. रेशनची, दाखल्यांची कामं एका दिवसात निघतील." हे काम त्यांना एका फोनवर जमण्यासारखं आहे आणि तुमच्या गावाला ते वर्षभराच्या मांडवखर्चापेक्षा जास्त उपयोगी आहे. ते हो म्हणाले तर तिथल्या तिथं तारीख घे आणि तहसीलदारांच्या नावचा अर्ज खिशात तयार ठेव, ग्रामपंचायतीच्या सही-शिक्क्यासकट. तोंडी 'बघू' वर उठून येऊ नकोस.